तेरा इंचाला एक फेरा

"अहो, या कागदाला उंदीर लागलाय की तुमची गोळी?"

बायको स्टुलावर उभी राहून फडताळातले जुने कागद काढत होती. तराजूसाहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी श्वास रोखून बसले होते आणि चिमट्यात धरलेली गोळी काट्याच्या इवल्याशा पारड्यात ठेवत होते. पंखा बंद होता, खिडकी बंद होती आणि गेला तासभर घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही असा हुकूम होता. हुकूम पाळणारं माणूस घरात एकच होतं आणि तिने आयुष्यात कुठलाच हुकूम धड पाळलेला नव्हता.

"एकशे नव्वद," ते पुटपुटले आणि गोळी उजवीकडच्या डबीत टाकली. "आता बोल. काय म्हणालीस?"

"म्हटलं, ही भोकं अशी लांबोडकी का? बाकीची तर गोल आहेत."

"कुठली भोकं?"

"तुमचं मागच्या वर्षीचं टार्गेट. तुम्ही गुंडाळून कोपऱ्यात टाकलं होतं. चांगला जाड कागद, म्हणून मी कापून फळ्यांवर घातला. वर्षभर डाळीचे डबे ठेवलेत त्याच्यावर."

तराजूसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजाराने त्यांना हे नाव दिलं आणि ते अंगाला चिकटलं ते चिकटलंच. कोपऱ्यावर त्यांची छत्री दिसली की दुकानदार आधी पारडी पुसत, मग कपाळ पुसत. त्यांच्यासमोर "साहेब, वजन बरोबर आहे हो, आईशप्पथ" असं म्हणणाऱ्या माणसाचं वजन ते हमखास दोनदा तपासत. "शपथ घातली ना? मग नक्की कमी भरणार," असा त्यांचा अनुभव होता. स्वतः मात्र काडीपैलवान. ते वजनकाट्यावर उभे राहिले तर काटा आधी जरा विचारात पडतो, असं भाजीवाले आपसात म्हणत.

या माणसाला एकच व्यसन होतं. दर रविवारी गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात जायचं, चटईवर पालथं पडायचं आणि लांबच्या पांढऱ्या कागदातल्या काळ्या वर्तुळावर गोळ्या झाडायच्या. दीडशे मीटरवर ते बरे होते, तीनशेवर उत्तम होते. पण क्लबात खरा मान शेवटच्या रेषेला होता. नऊशे मीटर. तिथून लक्ष्य शर्टाच्या गुंडीएवढं दिसतं. वर्षातून एकदा तिथे चाचणी होई. दहा गोळ्या झाडायच्या, आणि दहाच्या दहा कागदावर लागल्या तर क्लबातल्या लाकडी फळ्यावर तुमचं नाव रंगवलं जाई. तराजूसाहेब नऊ वर्षं ही चाचणी देत होते. नऊ वर्षं कधी सात लागत, कधी आठ. उरलेल्या दोन-तीन कुठे जात ते त्या गोळ्यांनाच ठाऊक.

आणि आता दहावं वर्ष शेवटचं होतं. लक्ष्यामागे गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधामागून नवा रस्ता जाणार होता, त्यामुळे या रविवारनंतर नऊशेची रेषा कायमची बंद होणार होती. तराजूसाहेबांना फळ्यावर नाव हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांनी ते बायकोखेरीज कुणाला सांगितलंही नव्हतं.

ते उठले आणि फळीवरचा कागद घेऊन खिडकीशी गेले. वर्षभर त्यांनी त्या कागदाचं तोंड पाहिलं नव्हतं. नापास झालेल्या पोराने प्रगतिपुस्तक लपवावं तसा त्यांनी तो लपवला होता. आता डोळ्याला भिंग लावून पाहू लागले. पाच भोकं साधारण गोल. दोन मात्र लांबट, कुलपाच्या भोकासारखी.

"ही गोळी आडवी लागलीय," ते म्हणाले.

"आडवी म्हणजे?"

"म्हणजे टोकाने जायच्या ऐवजी कोलांट्या खात गेली. नळीच्या आत पीळ असतो ना, मळसूत्रासारख्या आट्यांचा? त्याने गोळीला गरगर फिरवायचं असतं. भोवरा जोरात फिरला की उभा राहतो, फिरकी कमी पडली की लवंडतो. तसंच."

"मग फिरकी कमी पडतेय."

"कशी पडेल? गोळी जितकी जड तितकी लांब, आणि लांब गोळीला फिरकी जास्त लागते, हे खरं. पण आपल्या नळीत दहा इंचाला एक पूर्ण फेरा आहे. एकशे नव्वद ग्रेनला तेवढा भरपूर झाला."

साडेपंधरा ग्रेन मिळून कसाबसा एक ग्रॅम होतो, हे बायकोला नऊ वर्षांत पाठ झालं होतं. जड गोळीला वारा कमी ढकलतो, म्हणून लांब पल्ल्याला सगळे जड गोळी घेतात, हेही झालं होतं. तिने स्टुलावरून उतरून पदर खोचला.

"दहा इंच कुणी मोजलं?"

"मास्तर म्हणाले."

"मास्तरांनी मोजलं?"

तराजूसाहेबांनी भिंग पुसायला घेतलं.

"चौतीस वर्षं," बायको म्हणाली, "चौतीस वर्षं तुम्ही सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातलं वजन त्याच्या शब्दावर सोडलं नाही. तो अजून माझ्याशी तिरकस बोलतो. आणि ही एवढी मोठी बंदूक अकरा वर्षं घरात आहे, तिचं माप कुणीतरी तोंडी सांगितलं म्हणून खरं?"

"कुणीतरी नाही. मास्तर."

मास्तर म्हणजे क्लबाचा आधारस्तंभ. वय शहाऐंशी, एके काळी शाळेत कवायत शिकवायचे. फळ्यावर त्यांचं नाव पाच वेळा होतं. तराजूसाहेबांना चटईवर कोपर कसं टेकायचं इथपासून सगळं त्यांनी शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी शेवटच्या रेषेवर त्यांच्या गोळ्या कागद चुकवू लागल्या तेव्हा "हात गेला माझा" एवढंच म्हणून त्यांनी आपली रायफल तराजूसाहेबांच्या नावावर करून दिली होती. देताना म्हणाले होते, "दहा इंचाला एक फेरा. जड गोळी वापर. बाकी तुझं तू बघ."

"या इकडे," बायको म्हणाली. तिने रायफल आणून बाहेरच्या खोलीत दोन उशांवर ठेवली होती आणि दस्ता मांडीत घट्ट धरून ती खाली बसली होती. "मोजा. आत्ता."

नळी साफ करायच्या लांब सळईला तराजूसाहेबांनी घट्ट चिंधी गुंडाळली. सळईची मूठ अशी असते की सळई आट्यांबरोबर आपोआप फिरते. तिच्यावर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा झेंड्यासारखा लावला आणि सळई हळूहळू आत ढकलली. झेंडा वरून निघाला, डावीकडे कलला, खाली गेला, पुन्हा वर आला. एक फेरा. त्यांनी सळईवर खूण केली आणि पोलादी पट्टी लावली.

तेरा इंच.

त्यांनी पुन्हा मोजलं. तेरा. चिंधी बदलून मोजलं. तेरा. कपाटातून दुसरी पट्टी आणली.

"आता पट्टीवरही संशय?" बायकोने विचारलं. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

सातव्यांदा मोजून झाल्यावर ते जमिनीवरच बसले आणि हसू लागले. पोटातून, खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बायकोला आधी काळजी वाटली, मग तीही हसू लागली.

"अगं, तेरा इंचाचा पीळ आणि त्याला मी नऊ वर्षं एकशे नव्वदची गोळी चारतोय! तीनशे मीटरपर्यंत बिचारी तग धरते. पुढे वेग उतरला की लवंडते. थंडीत तर आणखी. याला हलकी गोळी पाहिजे. एकशे पंचावन्न. जुन्या काळी क्लब सगळ्यांना तीच द्यायचा, मास्तरांची पाचही वर्षं..."

आणि हसू तिथेच थांबलं.

मास्तरांची पाचही वर्षं हलक्या गोळीची होती. मग क्लबाने ज्याला जी हवी ती वापरायची मोकळीक दिली, सगळे जड गोळीच्या मागे लागले, मास्तरही लागले. त्यानंतर चार वर्षांत त्यांचा हात "गेला".

"त्यांचा हात गेलाच नव्हता," तराजूसाहेब म्हणाले.

बायकोने मांडीतला दस्ता उशीवर ठेवला. मग म्हणाली, "सांगा त्यांना."

"शहाऐंशीव्या वर्षी? की तुम्ही उगाच सोडलंत म्हणून? अकरा वर्षं ते मागे खुर्चीत बसून दुसऱ्यांचे नेम बघतायत. आता सांगून काय मिळणार त्यांना?"

"मग नका सांगू. गुपचूप हलकी गोळी घ्या."

पण तीच तर अडचण होती. क्लबात एक रिवाज होता आणि तो मास्तरांनीच घातलेला होता. शेवटच्या रेषेवर प्रत्येकाने झाडण्याआधी आपल्या गोळीचं वजन मोठ्याने सांगायचं. लपवाछपवी नको, नव्यांनी ऐकून शिकावं, हा हेतू. सेक्रेटरी ते वजन खडूने पाटीवर लिही. आणि पाटीशेजारीच मास्तरांची खुर्ची.

"मग एकशे नव्वद सांगा आणि एकशे पंचावन्न घाला," बायको म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच हसू आलं. "जमेल का तुम्हाला?"

तराजूसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने पारड्याखाली चिंच चिकटवायला सांगितली होती.

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. क्लबाच्या शस्त्रकाराने शुक्रवारीच बारा काडतुसं भरून दिली होती, दहा चाचणीची आणि दोन अंदाज घ्यायला. देताना त्याने गोळीकडे पाहिलं, तराजूसाहेबांकडे पाहिलं आणि भुवई उंचावली. शेवटच्या रेषेची शेवटची चाचणी म्हणून एरवी न येणारे लोकही आले होते. वारा कळावा म्हणून वाटेत रोवलेली नऊ निशाणं फडफडत होती. लांब बांधाखालच्या खंदकात माणसं लक्ष्य वरखाली करायला बसली होती.

सेक्रेटरी म्हणजे गावातला दातांचा डॉक्टर. त्याच्या आवाजात असं काही होतं की त्याने नाव पुकारलं की माणसाचा हात आपोआप गालाकडे जाई.

"चार नंबर! तराजूसाहेब! वजन?"

तराजूसाहेब चटईवर पालथे पडले होते. शेजारी दुर्बीण लावून बायको बसली होती, कारण वारा सांगायला एक माणूस सोबत घ्यायची मुभा होती आणि गच्चीवर तीस वर्षं कपडे वाळत घालणाऱ्या बाईइतका वारा कळणारं माणूस क्लबात दुसरं नव्हतं. मागे तीन पावलांवर मास्तरांची खुर्ची होती. त्यांच्या काठीचा रबरी बुंधा तराजूसाहेबांना खांद्यावरून दिसत होता.

"वजन?" डॉक्टरने पुन्हा विचारलं.

एकशे नव्वद म्हणणं किती सोपं होतं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाची सकाळ चांगली जाणार होती. आणि तरीही त्यांच्या डोळ्यांसमोर बाजारातले ते सगळे चेहरे आले, ज्यांनी अगदी अशाच चांगल्या कारणांसाठी वजन चुकीचं सांगितलं होतं.

"एकशे पंचावन्न!" ते ओरडले. इतक्या मोठ्याने की दोन नंबरवाल्याने दचकून मान वळवली.

रेषेवर कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "वाऱ्यावर पतंग उडवायचाय का?" खडू पाटीवर करकरला. मागून काठी एकदा जमिनीवर आपटली.

"किती?" मास्तरांचा आवाज.

"एकशे पंचावन्न, मास्तर."

तराजूसाहेबांची मान मागे वळली.

"इकडे बघा," बायको कानाशी म्हणाली. "मागे नाही, पुढे. वारा डावीकडून आहे, पण मधली निशाणं झोपताहेत. थांबा. थांबा... तिसरं उठलं. नेम दोन खुणा डावीकडे घ्या. आता!"

पहिली अंदाजाची गोळी कागदाच्या उजव्या बाजूला लागली. बायकोने आणखी एक खूण सांगितली. दुसरं अंदाजाचं काडतूस त्यांनी वापरलंच नाही. मग चाचणी सुरू झाली. हलकी गोळी वारा खात होती हे खरं, पण प्रत्येक गोळी सारखाच वारा खात होती, आणि बायको तिला किती वारा खायला मिळणार ते आधीच सांगत होती. "घ्या." "नको, नको, नको... घ्या." "अहो, श्वास सोडा, निळे पडाल." एक एक झाडल्यावर लक्ष्य खाली जाई, वर येई, आणि लागल्या जागेवर पांढरी चकती दिसे. पाच झाल्या. सात झाल्या. सातवीनंतर बायकोने दुर्बिणीतून डोळा काढला आणि तो पुसला.

"काय झालं?"

"काही नाही. घाम. झाडा तुम्ही."

दहावी गोळी काळ्या वर्तुळात जाऊन बसली. चकती मधोमध वर आली आणि बायको उभी राहून अशी ओरडली की खंदकातल्या माणसांनीही ओरडून उत्तर दिलं. रेषेवर लोक टाळ्या वाजवू लागले. पतंगवाल्याने येऊन तराजूसाहेबांच्या पाठीत अशी थाप मारली की ते पुन्हा चटईवर गेले. डॉक्टर पाटीवर "दहा" लिहिता लिहिता खडू मोडून बसला. तराजूसाहेब हसत होते, बायकोचा हात धरत होते, सोडत होते, पुन्हा धरत होते. इतका आनंद आपल्या अंगात मावतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"इकडे ये," मास्तर म्हणाले.

टाळ्या विरल्या. खंदकातून कागद आणला होता तो मास्तरांनी मांडीवर पसरून घेतला होता. त्यांचं बोट एकेका भोकावरून फिरत होतं.

"सगळी गोल आहेत," मास्तर म्हणाले.

"हो, मास्तर."

"पीळ किती निघाला?"

तराजूसाहेब त्यांच्या पायाशी उकिडवे बसले. "तेरा."

"किती वेळा मोजलास?"

"सात."

"नीट मोजलास?"

"दोन पट्ट्यांनी. हिने दस्ता धरला होता."

मान खाली घालून मास्तर कागदाकडे पाहत राहिले. त्यांना हिशेब समजावून सांगायची गरजच नव्हती. पाच वर्षं, मग चार वर्षं, मग अकरा वर्षं, सगळं त्यांच्या डोक्यात लागत होतं आणि तराजूसाहेबांना ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांना वाटलं, आत्ता माफी मागावी, पण कशाची मागायची ते सुचेना.

मास्तरांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या तोंडावर एक भलतंच हसू होतं. वर्गात उत्तर बरोबर आल्यावर मुलाच्या तोंडावर येतं तसं.

"म्हणजे हात नव्हता गेला माझा," ते म्हणाले.

"नाही, मास्तर."

"गाढवा, मग हे मला आज सांगतोस? शुक्रवारी काडतुसं भरून घेतलीस तेव्हाच का नाही सांगितलंस? मी दोन दिवस आधी खूश झालो असतो!"

बायको मोठ्याने हसली. मग सगळेच हसले. मास्तरांनी हसता हसता नाक पुसलं, चष्मा पुसला आणि कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला. तो तराजूसाहेबांचा होता हे कुणी बोललं नाही.

"बारा भरून घेतली होतीस," मास्तर म्हणाले. "अकरा उडवलीस. एक कुठाय?"

डॉक्टर पुढे झाला. "मास्तर, रेषेवर आता..."

"डॉक्टर, या रेषेचे नियम कुणी लिहिलेत?"

डॉक्टरने तोंड मिटलं. त्याला ही सवय नव्हती.

खंदकातल्या माणसांनी लक्ष्यावर नवा कागद चढवला. मास्तरांना चटईवर पालथं करायला चार माणसं लागली. एकाने काठी धरली, एकाने कोट काढला, तराजूसाहेबांनी त्यांच्या छातीखाली उशी सरकवली, आणि दस्ता त्यांच्या गालाशी टेकवला. कोपर मात्र मास्तरांनी स्वतःच टेकलं. ते जिथे टेकायचं तिथेच टेकलं. हात थरथरत होता, मग दस्त्याला लागल्यावर कमी थरथरू लागला.

बायको शेजारी बसली. "मास्तर, वारा पडतोय. घाई करू नका. मी सांगते."

"सांग, बाई."

नऊच्या नऊ निशाणं एकेक करून काठ्यांना लोंबली. रेषेवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

"घ्या," ती हळूच म्हणाली.

आवाज झाला आणि बांधाकडून परत आला. लक्ष्य खाली गेलं. ते खाली असताना तराजूसाहेबांनी बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. मग लक्ष्य वर आलं. पांढरी चकती काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेवर होती. मधोमध नव्हती, पण कागदावर होती, चांगली ठळक.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तराजूसाहेब वाकले आणि मास्तरांच्या काखेत हात घालू लागले. "उठवतो, मास्तर."

"राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांचा गाल अजून दस्त्यावर होता आणि डोळा पलीकडे. "घाई आहे का तुला?"

तराजूसाहेबांना घाई नव्हती. ते तिथेच गवतात बसले, बायको शेजारी बसली, आणि मग एकेक करून रेषेवरचे बाकीचेही बसले. चकती खाली घ्या, असं खंदकातल्या माणसांना कोणीच ओरडून सांगितलं नाही, म्हणून ती तशीच उन्हात वर धरलेली राहिली.